‘स्ट्राँग’ची चिठ्ठी

इंग्रजीतल्या एका शब्दावर माझा आजही राग आहे. शब्द अगदी साधा, इंग्रजी शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी भेटणारा: स्ट्राँग. अर्थ विचारला तर कुणीही सांगेल, बळकट. पण हा शब्द घेऊन एखाद्या डोंगरी गावात एक उन्हाळा काढून दाखवावा आणि मग माझ्याशी बोलावं.

मी मूळचा पासलीचा. भोरला एका नातलगाकडे राहून चार इयत्ता इंग्रजी शिकलो, पुढे जमलं नाही, आणि मराठी शाळेवर मास्तर म्हणून लागलो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा मी हिर्डोशीच्या पलीकडच्या एका गावात होतो. भात आणि नाचणीचं गाव, पावसाळ्यात ओढे भरले की चार महिने भोरची वाट बंद. शाळेला इमारत नव्हती. भैरोबाच्या देवळाच्या सभामंडपात मुलं बसत आणि मी खांबाला टेकून शिकवत असे. देवाची घंटा वाजवायला येणारा प्रत्येक जण दोन मिनिटं थांबून माझं शिकवणं ऐके आणि मान हलवून जाई. त्याचाही मला वैताग होता, पण तो सोसण्यासारखा होता.

त्या वर्षी शिमग्याच्या थोडं आधी घाटाची सडक रुंद करायचं काम निघालं. कामावरचा ओव्हरसियर मद्रासकडचा होता. त्याला मराठी बोललेलं थोडंफार समजायचं, वाचता मुळीच येत नव्हतं. मागे कुठल्याशा कामावर दोन आजारी गडी उन्हात कोसळले होते, त्याचा त्यानं धसका घेतला होता. म्हणून त्यानं ठरवलं, की कामावर येणाऱ्यानं आपापल्या गावच्या मास्तरची इंग्रजी चिठ्ठी आणायची. चिठ्ठीत हा माणूस स्ट्राँग आहे एवढं असलं की बास. चिठ्ठी नसेल तर हजेरीपटावर नाव नाही.

पहिल्या दिवशी मी हुरळून गेलो, हे कबूल करतो. चार इयत्तांचं इंग्रजी गंजत पडलं होतं, त्याला काम मिळालं. मी बोरू टोकदार केला, शाई नवी कालवली आणि ऐटीत चिठ्ठ्या लिहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो शब्द गावभर सुटला, तो काही केल्या आवरेना. एकानं बैल विकायला काढला होता. तो म्हणाला, बैलाचीही चिठ्ठी द्या, भोरच्या बाजारात दाखवतो. एका आजीनं तो शब्द कागदाच्या चिटोऱ्यावर लिहवून नेला आणि ताइतात घालून अशक्त नातवाच्या दंडाला बांधला. घोंगड्या विणणारा म्हणाला, घोंगडीच्या काठावर तेवढं इंग्रजी नाव काढून द्या. पाटील तर चहासुद्धा स्ट्राँग मागू लागले. त्यापायी त्यांच्या घरातली आठवड्याची चहापूड तीन दिवसांत संपायला लागली आणि पाटलीणबाई मला दोष देऊ लागल्या. कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार?

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग भांडण लागलं. मी एका किडकिडीत तरण्या गड्याला चिठ्ठी दिली आणि एका पोट सुटलेल्या माणसाला दिली नाही. पोटवाल्याचे भाऊबंद देवळात येऊन बसले. मास्तर आपल्या मर्जीतल्यांना बळकट ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. मुलं पाढे म्हणताहेत, ही मंडळी ओरडताहेत, आणि मी दोघांच्या मध्ये. शेवटी पाटलांनी तोड काढली. देवळापुढे भैरोबाचा गोटा पडलेला असे. चांगला गोल, गुळगुळीत धोंडा. चैत्राच्या जत्रेत तरणे गडी तो उचलत, कुणी गुडघ्यापर्यंत, कुणी छातीपर्यंत, एखादाच खांद्यावर घेई. पाटील म्हणाले, जो गोटा छातीपर्यंत आणेल तो स्ट्राँग. मास्तरांनी समोर बसून बघायचं आणि लिहायचं. देवाचा धोंडा आहे, तो काही भाऊबंदकी बघत नाही.

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि हीच माझी पहिली चूक. कारण त्या दिवसापासून माझी शाळा बसेना. रोज सकाळी देवळापुढे गर्दी, कुणी गोट्याला हात घालतोय, कुणी कमरेत उसण भरून बसलाय, मुलं पाट्या टाकून बघताहेत. पण तक्रारी मिटल्या होत्या. ठरवायची जबाबदारी माझ्या डोक्यावरून धोंड्यावर गेली होती आणि मला ते बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटत होतं.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वरच्या आळीची एक बाई आली. तिशीची, सडपातळ, कमी बोलणारी. तिच्या नवऱ्याला दिवाळीपासून छातीचं दुखणं होतं, खोकल्यातून रक्त पडू लागलं होतं. महिन्यापूर्वी तिनं त्याला बैलगाडीतून भोरला नेऊन डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पावसाळ्यात याला डोंगरात ठेवू नका. भोरमध्येच एखादी खोली बघा, म्हणजे आठवड्यातून दोनदा सुई देता येईल. घरी सासू आंधळी, मुलं दोन, कमावतं कुणी नाही. हे सगळं तिनं चार वाक्यांत सांगितलं आणि मग म्हणाली,

“गुरुजी, मिरगाच्या आत मला त्यास्नी भोरात न्यायचं हाय. सडकंवर काम मिळालं तर खोलीपुरतं जमंल. मला चिठ्ठी द्या.”

मी म्हणालो, गोट्याचा नियम झालाय. तिलाही तो माहीत होता. आणि भैरोबाच्या गोट्याला बाई शिवत नाही, हे तर गावातल्या तान्ह्या पोरालाही माहीत होतं.

“शिवत न्हाई, ठावं हाय,” ती म्हणाली. “मग दुसरं काय उचलू त्ये सांगा.”

मी तिला उद्या ये म्हटलं. आमच्याकडे उद्या ये म्हणणं हा नकाराचाच एक सभ्य प्रकार आहे, पण ती खरोखरच दुसऱ्या दिवशी आली. दरम्यान मी माझा जुना कोश काढून बसलो होतो. स्ट्राँगचे अर्थ ओळीनं दिले होते: बळकट, मजबूत, भक्कम, कडक, उग्र. वारा स्ट्राँग असतो, वास स्ट्राँग असतो, दोरखंड आणि कोर्टातली बाजूही स्ट्राँग असते. एवढा सगळा संसार त्या शब्दाच्या पोटात, पण उदाहरणांत बाई कुठेच नव्हती. मराठीत शोधलं तर तिथंही तीच गत. बाईला दांडगी म्हटलं तर शिवी होते, धिप्पाड म्हटलं तर थट्टा होते आणि मर्दानी म्हटलं की डफ घेऊन पोवाडाच म्हणावा लागतो. मी स्वतःची समजूत घातली, की हा शब्द बाईला शोभतच नाही. शहाणपणा करून मी तिच्या चिठ्ठीत त्याऐवजी ‘हेल्दी’ लिहिलं. निरोगी आहे, कामाला हरकत नाही. पाटलांचा नियम मोडला नाही आणि बाईचंही काम झालं, अशा समाधानात मी त्या दिवशी जेवलो.

ती पहाटे निघून सडकेवर गेली आणि दुपारी उन्हात परत आली. चिठ्ठ्या बघायला मुकादम बसे. त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्या शब्दाचं पहिलं अक्षर नागमोडी असतं एवढं त्यानं डोळ्यांत भरून घेतलं होतं. हिच्या चिठ्ठीत त्या जागी नागमोडी अक्षर नव्हतं. त्यानं ती ओव्हरसियरपर्यंत जाऊच दिली नाही. बाईनं चिठ्ठी माझ्या पुढ्यात ठेवली, घडीही न मोडता.

“त्यो शब्द न्हाई म्हनं ह्याच्यात,” ती म्हणाली. “त्योच लिवा की.”

आता वाटतं, तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहायला किती वेळ लागणार होता? पण मी पाटलांकडे गेलो. पाटील माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला नीट बसवून समजावलं. गोट्याशिवाय एकाला दिलीत, तर ज्यांना गोटा उचलता आला नाही ते सगळे उद्या तुमच्या दारात येतील. पोटवाला पहिला येईल. यात खोटं काही नव्हतं. मला पोटवाल्याचे भाऊबंद आठवले आणि मी गप्प घरी आलो.

बाई मात्र गप्प बसली नाही. दोन दिवसांनी ती नदीच्या पात्रातून एक धोंडा डोक्यावर घेऊन आली. खालपासून देवळापर्यंतची ती चढण रिकाम्या हातांनी चढताना मला दोनदा थांबावं लागे. तिनं तो धोंडा देवळाच्या पायरीच्या अलीकडे, जिथपर्यंत बाईला यायला हरकत नव्हती तिथं, धप्पकन टाकला. गोट्याहून तो थोडा मोठाच असेल. मुलांनी पाढे थांबवले. पारावरचे लोक उठून आले. पाटलांना निरोप गेला.

यानंतर जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं उठतं. गावानं त्या धोंड्यावर वाद सुरू केला. तो उचललेला धरायचा की नाही? गोटा हातांनी उचलतात, छातीशी धरतात. हिनं तर डोक्यावर आणला. चुंबळ होती, म्हणजे आधार झाला. शिवाय डोक्यावर चढवताना कुणी हात दिला असेल. ती म्हणाली, नाही दिला, दगडावर ठेवून खाली बसून घेतला. मग म्हणे साक्षीला कोण होतं? म्हशी होत्या, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ती हसली नाही. शेवटी पाटलांनी निवाडा दिला.

“डोक्यावर वाहनं ही ताकद न्हाई मास्तर,” ते म्हणाले. “ती सवय हाय. बायकांस्नी आसती.”

या वाक्यावर गावातल्या सगळ्या पुरुषांनी माना हलवल्या, आणि लाज वाटते सांगायला, मीही हलवली. तरी काहींना शंका राहिलीच, म्हणून विषय जत्रेनंतर पंचांपुढे घ्यायचं ठरलं. जत्रा झाली. मग एका घरी लग्न निघालं. मग पंचांतले एक जण कापूरहोळला मुलीकडे गेले ते आठ दिवस आलेच नाहीत. चैत्र असा संपला आणि वैशाख लागला. ती बाई दर दोन-तीन दिवसांनी येई, उंबऱ्याबाहेर उभी राही, मी नाही म्हणून मान हलवली की परत जाई. तिच्या येण्याचाही मला वैताग येऊ लागला होता. हिला कळत कसं नाही, माझ्या हातात काही नाही, असं मी एकदा घरी म्हणालोही.

माझी बायको तेव्हा पाणवठ्यावरून येऊन हंडे उतरवत होती. एक डोक्यावर, एक कमरेवर. पाणवठा आमच्या घरापासून केवढा खाली. ती फार बोलणारी नव्हे. तिनं हंडा ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं,

“बोरू कुणाच्या हातात असतो मग?”

मी चिडलो. गावात राहायचं तर गावाचं ऐकावं लागतं, वगैरे पुष्कळ बोललो. ती ऐकत राहिली आणि मग दुसरी खेप आणायला गेली. त्या रिकाम्या घरात मला माझंच बोलणं ऐकू येत राहिलं. सकाळी मी मुलांना सुटी दिली आणि ओव्हरसियरलाच विचारावं म्हणून सडकेवर गेलो. इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या, पण काम कसलं चाललंय हे बघायला मी एकदाही गेलो नव्हतो.

वळणावर पोचलो आणि थांबलो. खाली खडीचे ढीग होते आणि वर रस्ता भरायचा होता. ढिगापासून रस्त्यापर्यंत गड्यांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर खडीनं भरलेली पाटी. आमच्या गावचे सगळे स्ट्राँग त्या रांगेत होते. गोटा छातीपर्यंत आणणारे ते पैलवान मान वाकडी करून, पाटी दोन्ही हातांनी गच्च धरून, चार पावलांवर खडी सांडत चालले होते. सवय नव्हती ना.

मी तिथंच एका दगडावर बसलो. मला हसू आलं आणि त्याच दमात स्वतःचा इतका राग आला, की पुढे जाववेना. ओव्हरसियर झाडाखाली बसला होता. शेवटी उठून त्याच्याकडे गेलो आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, बाई चालेल का? त्याला प्रश्नच कळला नाही. दोनदा विचारल्यावर तो म्हणाला, की पुरुषच पाहिजेत असं मी कधी म्हटलं? त्यानं माणसं मागितली होती. बाकीचं सगळं, तो गोटा, ते पंच, ती साक्ष, आमचं आम्ही उभं केलं होतं. तो बिचारा धोंडा उगाच बदनाम झाला.

गावात परतलो तो थेट वरच्या आळीला गेलो आणि तिच्या ओट्यावर बसून चिठ्ठी लिहिली. तो शब्द लिहिला. आत तिचा नवरा खोकत होता. तो खोकला संपेपर्यंत माझं लिहून झालं होतं. पाटलांना मी येताना वाटेत सांगितलं, की मी चिठ्ठी दिली, काय ते करा. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पाटील म्हणाले, बरं केलंत मास्तर, किती दिवस हेलपाटे घालत होती बिचारी. आणि ते गोठ्यात निघून गेले. पोटवालाही आला नाही. कुणीही आलं नाही. ज्या भीतीपायी मी दोन महिने काढले ती भीती कुणाच्या घरात राहत होती, हे मला आजवर सापडलेलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी कामावर लागली. मुकादमानं नागमोडी अक्षर बघितलं आणि मान वर न करता आत घेतलं. तिच्या पाटीतली खडी सांडत नाही हे ओव्हरसियरनंही म्हणे पाहिलं. पण रोहिणी नक्षत्र निम्मं झालं आणि घाटावर ढग उतरू लागले. माती भिजली की कडा सुटतो, म्हणून ओव्हरसियरनं काम बंद केलं. तिला जे थोडे दिवस मिळाले तेवढ्यात खोलीपुरतं जमलं नाही. तिनं भोरला जाऊन दोन ठिकाणी विचारलंही. मी माझ्याकडचं थोडं देऊ केलं. तिनं नको म्हटलं नाही, पण तेवढ्यानंही भागत नव्हतं. मृग निघाला, ओढे भरले आणि भोरची वाट बंद झाली.

तिचा नवरा श्रावणात गेला. भोरला असता तरी गेला असता, असं पाटील म्हणाले, आणि तेच मीही मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं. डॉक्टरांनीही काही खात्री दिली नव्हती. हे सगळं खरं असेल. पण भोरला तो पोचला नाही, आणि तो का पोचला नाही हे मला नक्की माहीत आहे. त्या पावसाळ्यात मी कोश उघडला नाही. मुलांना इंग्रजीची अक्षरं शिकवायचं मनात होतं, तेही सोडून दिलं.

पुढच्या वर्षी शिमगा झाल्यावर सडकेचं काम पुन्हा सुरू झालं. ओव्हरसियर तोच, अट तीच. गोट्याचं नाव या वेळी कुणी काढलं नाही. कसं काय निघालं नाही हे विचारायचीही मला हिंमत नव्हती. पहिल्या दिवशी सकाळीच ती देवळाशी आली आणि उंबऱ्याबाहेर, नेहमीच्या जागी उभी राहिली. कपाळ मोकळं, अंगानं आणखी वाळलेली. मी तिची चिठ्ठी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती, सगळ्यांत आधी. ती काही बोलायच्या आत मी उठलो, बाहेर जाऊन ती तिच्या हातात दिली.

तिनं घडी उघडली. वाचता येत नव्हतं, तरी त्या अक्षरावरून एकदा बोट फिरवलं. मग चिठ्ठी चोळीत खोचली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“औंदा लवकर लिवलंत, गुरुजी,” ती म्हणाली आणि सडकेच्या वाटेला लागली.